खानापूर तालुक्यात घरावर सोलर: पॉली, मोनो पर्क की टॉपकॉन पॅनेल? सल्ला हवा

नमस्कार मंडळी. आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. पुढे मंगळुरी कौलं, मागे जेमतेम २०० चौरस फुटांचा स्लॅब. बोअरची मोटर आणि दोन फ्रीज, त्यामुळे बिल २०० युनिटच्या वर जातं. म्हणजे गृहज्योती (कर्नाटक सरकारची २०० युनिटपर्यंत मोफत विजेची योजना) नाही, सगळं बिल भरा. म्हणून ३ किलोवॅटचं सोलर बसवायचं चाललंय.

बेळगावातून तीन कोटेशन आणली आणि गोंधळ वाढला. एकाचे ३३५ वॅटचे पॉली (जुन्या प्रकारचे पॅनेल), सगळ्यात स्वस्त. दुसऱ्याचे ५४० वॅटचे मोनो पर्क (त्यानंतरचा प्रकार). तिसरा म्हणतो टॉपकॉन (सगळ्यात नवा प्रकार) बायफेशियल, म्हणजे दोन्ही बाजूंचे घ्या, पाठीमागूनही वीज होते. बाबांचा कल स्वस्ताकडे. मला काळजी पावसाची. जूनपासून ऊन दिसणं मुश्कील, स्लॅब शेवाळाने काळा पडतो. शिवाय पश्चिमेला फणस आहे, तीननंतर त्याची सावली अर्ध्या स्लॅबवर येते. आजोबांनी लावलेला आहे, तोडणार नाही. ढगाळ हवेत यातलं कोणतं खरंच चांगलं चालतं?

प्रतिसाद (निपाणीहून):
पॉली सोडा. ३ किलोवॅटला ३३५ चे नऊ लागतील, ५४० चे सहा पुरतात. तुमच्या स्लॅबवर पॅनेल धुवायला फिरता आलं पाहिजे.

ढग दाटले की तिन्ही प्रकारांची वीज घटते, फरक थोडाच. टॉपकॉनचा फायदा उन्हाळ्यात. सेल २५ अंशांच्या वर तापला की दर अंशाला पर्कची साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते, टॉपकॉनची ०.३०. निपाणीच्या एप्रिलमध्ये त्याला अर्थ आहे, जांबोटीला कमी. बायफेशियलला खालून उजेड परतायला हवा, काळ्या स्लॅबवरून तो येणार नाही. पांढरा वॉटरप्रूफ रंग मारून स्टँड उंच करणार असाल तरच जादा पैसे घाला.

फणसाचं मात्र मनावर घ्या. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली आली तरी बाकीच्यांना फटका बसू शकतो. हाफ-कट (अर्ध्या कापलेल्या) सेलचे घ्या, त्यांना सावलीचा फटका कमी बसतो, आणि सावलीकडच्या पॅनेलना ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेल स्वतंत्र चालवणारं उपकरण) मागा.

आणि कोटेशनवर डीसीआर, म्हणजे देशी बनावटीचे, असं लिहिलंय का बघा. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान, ३ किलोवॅटला ७८ हजार, भारतात बनलेल्या सेलच्या पॅनेललाच मिळतं.

धागाकर्ता:
खूप आभार! पॉलीच्या कोटेशनवर डीसीआर नाहीच, बाबांना दाखवलं. मोनो पर्क हाफ-कट ठरतंय. अजून एक, पावसात आमच्याकडे लाईट तासन्‌तास नसते. तेव्हा सोलरवर घर चालेल ना?

प्रतिसाद (निपाणीहून):
साधं ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं, बिनबॅटरीचं) असेल तर नाही. लाईन बंद करून खांबावर चढलेल्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. लाईट नसताना घर चालवायला हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी, बॅटरीला अनुदान नाही. हेस्कॉमकडे (आपल्या भागातल्या वीज कंपनीकडे) अर्ज टाकण्याआधीच हे ठरवा, इन्व्हर्टर मागाहून बदलणं खर्चिक पडतं.