टीव्ही दुसऱ्या गेटने सोडा

(अपार्टमेंटचा ग्रुप. आकडे म्हणजे फ्लॅट नंबर.)

३०२ वहिनी: घरात दोन नेट हायत. एक फायबर, एक सिमचा राउटर. पोरांनी टीव्ही लावला की माझी मीटिंग अडकूलालीय. टीव्ही सिमवर आणि ऑफिसचा लॅपटॉप फायबरवर, असं कायमचं करता येतं का? रोज वायफाय बदलून कंटाळा आला.

२०१ काका: दोन्ही लायनी घेणारा राउटर मिळतो की. मी बसवलाय.

१०४: काका, तुमचा लोड बॅलन्सिंगवर हाय, म्हणजे काम दोन्ही लायनींवर वाटून टाकतोय. म्हणून तर बँकेचं पान मधेच बाहेर काढतंय तुम्हाला. एका क्लिकला फायबरचा आयपी, म्हणजे नेटवरचा नंबर, पुढच्या क्लिकला सिमचा. बँकेला वाटतं, माणूसच बदलला.

२०१ काका: व्हय? मी बँकेला शिव्या घालत होतो!

१०४: वहिनींना पाहिजे ते पॉलिसी राउटिंग. टिळकवाडीत कसं, पहिल्या रेल्वे गेटने जायचं की दुसऱ्या? इथं गाडीचा नंबर बघून गेट ठरवायचं. तुमच्या राउटरात ती सोय असली तर नियम घाला: टीव्हीचा आयपी सिमने, लॅपटॉपचा फायबरने. आधी दोघांचे आयपी पक्के करा, डीएचसीपी (राउटर आपोआप नंबर वाटतो ते) रिझर्व्हेशनमध्ये. नाहीतर उद्या टीव्हीचा नंबर दुसऱ्याला मिळाला की नियम भलत्यालाच लागतो.

४०३: पाणी सुटलंय, मोटर कोण चालू करतंय?

३०२ वहिनी: माझा राउटर साधाच हाय ओ दादा. नवा घ्यायचा म्हणजे ह्यांना विचारावं लागंल 😄

१०४: नको घ्यायला. फायबरचा राउटर १९२.१६८.१.१ असेल तर सिमच्याला १९२.१६८.१.२ द्या, त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि दोघांच्या लॅन पोर्टात एक वायर घाला. वॅनच्या, म्हणजे बाहेरचं नेट येतं त्या भोकात नको. डीएचसीपी बंद करायला विसरू नका, एका पंगतीत दोन वाढपी झाले की सगळाच घोळ. मग टीव्हीत आयपी हाताने भरा, राउटर वाटतो त्या नंबरांच्या बाहेरचा, आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १९२.१६८.१.२. बाकी घर आपोआप फायबरने जातंय. एकच, सिम बंद पडलं तर टीव्ही आपणहून फायबरवर येणार नाही.

५०१: माझा कॅमेरा पण सिमवर टाकू का? खानापूरहून बघतो मी.

१०४: ॲपमधून क्लाउडवर बघत असाल तर चालेल. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट, केलं असेल तर नको. सिमवर एकच पब्लिक आयपी बऱ्याच जणांत वाटलेला असतो, बाहेरून आत शिरता येत नाही.

(रात्री ९:४०)

३०२ वहिनी: सगळं केलं. तरी टीव्ही फायबरनेच जातोय. सिमचा डेटा हालतच नाही.

२०१ काका: वायर सैल असेल.

१०४: फायबरच्या राउटरात आयपीव्ही६, म्हणजे आयपीची नवी पद्धत, चालू हाय का बघा. आपण गेटवे बदलला तो जुन्या पद्धतीचा, आयपीव्ही४ चा. टीव्ही दुसऱ्या दारानं पळत असंल.

३०२ वहिनी: चालू होतं. बंद केलं. आता सिमचा डेटा चढूलालाय!

२०१ काका: १०४, उद्या माझ्याकडे पण ये. बँकेपुरता फायबरचा नियम घालून दे. आणि तुझ्या काकूचा फोन सारखा नवा नंबर घेतोय, तो पण बघ.

१०४: वायफायच्या सेटिंगमध्ये रँडम मॅक असेल काका, म्हणजे फोन राउटरला आपली ओळख बदलून सांगतो. घरच्या वायफायपुरतं ते बंद करून ठेवा, मग रिझर्व्हेशन टिकतंय. सातनंतर येतो.