इन्चार्ज कडक असली तरच वॉर्ड नीट चालतो का?

नाईटड्युटी_11:
नमस्कार सगळ्यांना. दोन महिने झाले मला मेल मेडिसिन वॉर्डची (पुरुष पेशंटचा) इन्चार्ज सिस्टर केलंय, 40 बेड, नाईटला स्टाफ दोनच. आधीच्या सिस्टर फार कडक, चूक झाली की नातेवाइकांसमोरच झापायच्या, मीही बाथरूममध्ये जाऊन रडलेय. म्हणून मी ठरवलं, कुणाला चारचौघांत बोलायचं नाही, बाजूला घेऊन विचारायचं. पण त्यांच्या वेळी चुकांचं रजिस्टर कोरं असायचं आणि माझ्याकडे सात नोंदी आल्यात, डोस राहिला, अँटिबायोटिक उशिरा गेलं असं. मेट्रन, म्हणजे आमच्या नर्सिंगच्या मुख्य, म्हणतात स्टाफला डोक्यावर बसवलंस. खरंच माझ्यामुळे काम बिघडलं का? झोप लागत नाहीये.

आयसीयू_ब्रदर:
सिस्टर, 40 बेडच्या वॉर्डात रजिस्टर कोरं होतं हेच पटत नाही. अमेरिकेत एमी एडमंडसन यांनी 8 वॉर्डांतल्या औषधांच्या चुका बघितल्या होत्या, 1996 ला छापून आलं, त्यांना वाटलेलं चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील, निघाल्या जास्त! कारण तिथल्या नर्सेस इन्चार्जला न घाबरता सांगत होत्या, बाकीकडे लपवत होते. मी स्वतः ज्युनिअर असताना रात्री 2 चा डोस राहिला की पुढच्या शिफ्टला ओव्हर (चार्ज) द्यायच्या आधी औषधाच्या शीटवर दिल्याची टिक मारलीये, झापतील म्हणून. आजही त्याची लाज वाटते, डॉक्टर तीच शीट बघून औषध बदलतात हो.

रिटायर्ड_परिसेविका:
ब्रदर बरोबर बोलले, पण बाळा नुसतं गोड बोलूनही भागत नाही. इन्सुलिन, पोटॅशियम दोघींनी बघितल्याशिवाय द्यायचं नाही, यात मी कुणाला सूट दिली नाही, मात्र आवाजही चढवला नाही. आणि स्टाफ कमी असला की मी स्वतः बीपी घ्यायला उभी राहायचे, मग पोरी आपणहून थांबायच्या. दुसरं म्हणजे नर्सिंग कौन्सिलच्या हिशोबाने साध्या वॉर्डला पाच पेशंटमागे एक नर्स हवी, टीचिंगला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला तर तीनमागे एक, तुझ्याकडे रात्री वीसमागे एक! त्या सात चुका कुठल्या शिफ्टच्या ते बघितलंस का?

नाईटड्युटी_11:
मॅडम आत्ता बघितलं, सातपैकी पाच नाईटच्या, त्यातल्या तीन तर एकच स्टाफ होती त्या रात्रीच्या. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्या रजिस्टर आणि रोस्टर दोन्ही घेऊन मेट्रनकडे जाते.