शब्दचर्चा : ‘स्पर्धा’ म्हणावे की ‘वैर’?

प्रश्न : नाशिकमधील आमच्या अभ्यासवर्गात एका लेखाचे भाषांतर वाचताना ‘सौदी अरेबिया आणि इराण यांची प्रादेशिक स्पर्धा’ असा प्रयोग आला. ‘स्पर्धा’ म्हटले की वक्तृत्वस्पर्धाच डोळ्यांपुढे येते. शेजारी सत्तांच्या अशा संबंधाला नेमका शब्द कोणता?

उत्तर : शब्दाच्या जोडीला कोणती क्रियापदे येतात ते आधी पाहावे. स्पर्धा जिंकतात किंवा हरतात; वैर धरतात, जोपासतात, मिटवतात. या दोन देशांचे जानेवारी २०१६ मध्ये तुटलेले राजनैतिक संबंध मार्च २०२३ मध्ये चीनच्या मध्यस्थीने पूर्ववत करण्याचे ठरले, त्याला आपण ‘समेट’ म्हणतो, आणि समेट वैरानंतरच होतो. नुसत्या मानमरातबाचा प्रश्न असेल, तर ‘चढाओढ’ पुरे.

मात्र हे सारे शब्द दोघांपुरतेच बोलतात. शेजाऱ्यांचे वैर दोघांत मावत नाही. कौटिल्याच्या राजमंडलात, म्हणजे एका राजाभोवतीच्या राज्यांच्या मांडणीत, सीमेला लागून असलेला तो ‘अरि’, त्याच्या पलीकडचा तो ‘मित्र’, आणि आपण पुढे चाल करून गेलो असता मागून टाच धरणारा तो ‘पार्ष्णिग्राह’. (पार्ष्णि म्हणजे टाच, इतका चित्रदर्शी शब्द आपण का सोडून दिला, कोण जाणे.) १९६२च्या भारत-चीन युद्धानंतर मार्च १९६३ मध्ये पाकिस्तानने चीनशी सीमाकरार केला, पुढे ऑगस्ट १९७१ मध्ये भारताने सोव्हिएत संघाशी मैत्रीकरार केला, ज्याचे चीनशी १९६९ मध्ये सीमेवर रक्त सांडले होते. अशा प्रतिडावाला ‘संतुलन’ या कोरड्या शब्दापेक्षा बुद्धिबळातला ‘काटशह’ मला जवळचा वाटतो.

पुरवणी, दुसऱ्या सभासदाकडून : नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. मालय नावाच्या लोकांनी वेढलेल्या उत्तमभद्र नावाच्या लोकांना ‘मोचयितुं’, म्हणजे सोडवायला, आपण भट्टारकाच्या, म्हणजे स्वामीच्या, आज्ञेने पावसाळ्यात गेलो आणि मालय नुसत्या गर्जनेनेच पळाले, असे तो सांगतो. त्यातली बढाई वजा केली तरी धावून जाणे उरतेच. त्यासाठी मराठीत ‘कुमक’ आहे. ‘युती’ म्हटले की आपल्याला निवडणूक आठवते, म्हणून ‘लष्करी युती’ऐवजी मी ‘कुमकेचा तह’ असे लिहितो. १७९० मध्ये मराठे, निजाम आणि इंग्रज टिपूविरुद्ध तहाने एकत्र आले. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठे आणि निजाम समोरासमोर उभे राहिले, तेव्हा निजामाला इंग्रजांची कुमक आली नाही.