मार्बल कटरला लाकडाचं पातं लावू, की सर्क्युलर सॉ घेऊ? बजेट 18,000

पुस्तकवेडी_कराड

नमस्कार. मी कराडजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. वाचनालयासाठी सहा रॅक स्वतःच करायचे ठरवलेत. वडील सुतारकाम करायचे, त्यामुळे करवत, रंधा, गुण्या हातात धरायची सवय आहे. विजेची मशीन मात्र ड्रिलपलीकडे चालवलेली नाही. माल 19 मिमी प्लायचा, आठ बाय चारच्या सहा शीट. मशीनसाठी 18,000 रुपये बाजूला काढलेत, ते माझ्या पगारातले आहेत.

एका दुकानदाराने सांगितलं, "मॅडम, 2,800 चा मार्बल कटर घ्या, त्याला लाकडाचं पातं लावून देतो. प्लायच्या खाली उलटा बसवा, टेबल सॉ तयार. सगळे मिस्त्री असंच करतात." दुसऱ्या दुकानात सात इंची सर्क्युलर सॉ, म्हणजे लाकडासाठीची गोल पात्याची हातमशीन, 8,700 ला आहे. तयार टेबल सॉ 32,000 च्या पुढे, तो आवाक्यात नाही. बोट लागताच थांबणाऱ्या एका मशीनचा व्हिडिओही पाहिला.

2,800 आणि 8,700 मधला फरक नुसत्या नावाचा आहे की त्या पैशात खरंच काही मिळतं? मुलगा सातवीत आहे, फळी धरायला तोच असणार. म्हणून विचारतेय.

प्लायमिस्त्री_चिंचवड

ताई, मी नऊ वर्षं मार्बल कटरच वापरतोय. हलका आहे, एका हातात मावतो, साइटवर पिशवीत टाकून नेता येतो. सवय झाली की काही होत नाही. वाचलेल्या पैशात प्लाय चांगला घ्या.

सागवानी_कुडाळ

ताई, मी बावीस वर्षं या धंद्यात आहे, त्यातली पहिली आठ मार्बल कटरवर काढली. वरच्या मिस्त्रींचा अनुभव खोटा नाही. पण माझ्याकडे जे झालं ते सांगतो.

2009 सालची गोष्ट. लोडशेडिंगचे दिवस. माझा धाकटा भाऊ सागाची फळी चिरत होता. कटरच्या मुठीला एक छोटं लॉक बटण असतं, ते दाबलं की खटका धरून ठेवावा लागत नाही. ते दाबलेलं होतं आणि लाईट गेली. मशीन बंद पडली म्हणून त्याने ती फळीवरच ठेवली आणि चहा प्यायला गेला. परत येऊन तिथेच टेप लावून माप घेत बसला. प्लग काढ म्हटलं तर म्हणाला, "काय होणा नाय." लाईट आली आणि कटर आपोआप सुरू झाला. फळीवरून उडी मारून डाव्या तळव्याच्या कडेवर आला. गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात नेईपर्यंत दोन पंचे भिजले होते. हात वाचला, पण करंगळीची नस जुळली नाही. आजही तो चहाचा ग्लास उचलतो तेव्हा ती करंगळी सरळ बाहेर राहते. मी रोज समोर बसून बघतो.

कटर होता 2,200 चा. येणं-जाणं, औषधं, पट्ट्या मिळून 46,000 गेले, शिवाय चार महिने त्याचं काम बंद. हा हिशेब दुकानात कोणी सांगत नाही.

आता मशीनचं बोलू. मार्बल कटर दगड आणि लादीसाठी बनवलेला आहे. त्याच्या मूळ डायमंड पात्याला दात नसतात, ते घासत जातं. लाकडाच्या पात्याला दात असतात, ते चावतं. फळी आवळली की दात अडकतात आणि मशीन उलटी अंगावर येते. माझ्या जुन्या कटरच्या पाटीवर 13,000 आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, असं लिहिलेलं होतं. 110 मिमीचं पातं त्या वेगाने फिरलं की दातांचा वेग ताशी 270 किलोमीटरच्या आसपास जातो. सर्क्युलर सॉ साधारण 5,500 वर फिरतो, पातं 184 मिमीचं, म्हणजे ताशी 190. तोही कमी नाही, पण त्याचं पातं, मूठ, पाया सगळं लाकडासाठीच बेतलेलं असतं. प्रत्येक पात्यावर त्याचा कमाल आरपीएम छापलेला असतो. तो मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी असेल तर ते पातं फुकट मिळालं तरी लावू नका.

तुमचे जास्तीचे 5,900 रुपये मुख्यतः दोन गोष्टींना जातात. पहिली, खालचं झाकण. सर्क्युलर सॉला स्प्रिंगचं झाकण असतं, काप संपला की ते स्वतः पात्यावर येऊन बसतं. मार्बल कटरचं झाकण अर्धं आणि घट्ट बसवलेलं, खालचे दात कायम उघडे. दुकानात, प्लग न लावता, ते झाकण बोटाने वर करून सोडा. खटकन् बंद झालं पाहिजे. रेंगाळलं तर दुसरा पीस मागा. काही कारागीर कामात अडथळा नको म्हणून ते तारेने बांधून ठेवतात. तसं केलं तर ते पैसे पाण्यात गेले. दुसरी गोष्ट खटक्याची. चांगल्या सर्क्युलर सॉमध्ये आधी अंगठ्याने एक बटण दाबावं लागतं, मगच खटका ओढला जातो, आणि बोट काढलं की वीज तुटते. आमच्या घरी हे असतं तर ती करंगळी वाकली असती.

कटर उलटा बसवायचा विचार तर डोक्यातूनच काढा. पातं उघडं वर येतं, मागे फळीची चीर उघडी ठेवणारी पट्टी नसते, आणि बटण लॉक करून टेबलाच्या खाली. फळी अडकली तर बंद करायला हात कुठे घालणार? फळी मागे उडते तेव्हा पोटात बसते, ते मी बघितलंय.

तुमच्या कामाला टेबल सॉ लागतही नाही. आठ फुटी शीटचे लांब काप प्लायच्या दुकानातच पॅनल सॉवर, म्हणजे अख्खी शीट कापायच्या मोठ्या मशीनवर, करून घ्या. बरेच दुकानदार फुटाच्या दराने कापून देतात. मापं कागदावर लिहून न्या आणि पात्याच्या जाडीचे तीन मिमी धरायला विसरू नका. सगळ्यात धोक्याचं काम तिथेच संपतं, आणि आठ बाय चारची शीट धरायला मुलाची गरजही उरत नाही.

घरी राहतात आडवे छोटे काप. ते जमिनीवर थर्माकोलची जाड शीट अंथरून करा, म्हणजे फळी पूर्ण टेकलेली राहते, मध्येच वाकून पात्याला आवळत नाही. अॅल्युमिनियमची सरळ पट्टी दोन क्लॅम्पने आवळा आणि मशीन तिच्या कडेने चालवा. पातं फळीच्या खाली दाताएवढंच निघेल अशी खोली लावा. सर्क्युलर सॉचे दात खालून वर कापतात, वरची बाजू फुटते, म्हणून चांगली बाजू खाली ठेवा. तुम्ही पात्याच्या रेषेत उभं राहू नका, जरा बाजूला राहा.

पैसे वाचवायचे असतील तर क्लॅम्प, गुण्या, पट्टी, सँडर जुन्या बाजारातून घ्या. दात फिरणारी वस्तू मात्र नवीन, बिलासकट. उरलेल्यात डोळ्यांचा चष्मा, चांगला एन-95 मास्क आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या, वायर कापली गेली तर तोच वाचवतो. मास्कमध्ये कंजूषी नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ 1995 मध्ये कर्करोगकारक ठरवली आहे, आणि प्लायमध्ये वर डिंकातलं फॉर्मल्डिहाइडही असतं. हातमोजे चिरताना घालू नका, दातात कापड अडकलं की हात ओढला जातो.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. तुम्ही पाहिलेली मशीन बहुधा सॉस्टॉप. स्टीव्ह गॅस यांनी 1999 मध्ये ही कल्पना काढली. पात्यात बारीक विद्युत संदेश सोडलेला असतो, त्वचा लागली की तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसून पाच मिलिसेकंदांच्या आत पातं थांबवतो. दाखवताना सॉसेज लावतात. एकदा ठोकळा सुटला की तो आणि बहुतेक वेळा पातंही बाद. माझ्याकडे ओल्या लाकडामुळे एकदा सुटला, शंभरेक डॉलर ठोकळ्याचे आणि पात्याचे वेगळे गेले. तरी मला वाईट वाटलं नाही, घरात दोन मुली आहेत. पण इथली मशीन 120 व्होल्टवर चालते, भारतात नेऊन उपयोग नाही. सागवानींनी सांगितलेली व्यवस्था तुमच्या कामाला योग्य आहे.

प्लायमिस्त्री_चिंचवड

सागवानी दादा, लॉक बटणाचं वाचून आज साइटवर तिन्ही कटर तपासले. तिन्हींना लॉक आहे आणि आमचे दोन्ही पोरगे ते दाबूनच काम करतात. लाईट गेली की प्लग काढायचा, असं त्यांना आजपासून सांगितलंय. ताई, माझा सल्ला मागे घेतो. आम्ही दिवसाला चाळीस काप करतो म्हणून हात बसलाय, तुम्ही कटरने सुरुवात करू नका.

पुस्तकवेडी_कराड

तुमच्या भावाचं वाचून मशीन घ्यायचा विचार दोन दिवस बाजूला ठेवला होता. आज प्लायच्या दुकानात विचारलं, लांब काप फुटाला सहा रुपयांनी करून देतो म्हणाले. सर्क्युलर सॉ बघून आले, झाकण खटकन् बसलं. मुलाला फक्त मापं घेऊन खुणा करायचं काम देणार आहे, मशीन सुरू असताना तो पडवीत असेल. एकच विचारायचं राहिलं: त्यासोबत 24 दाती पातं येतं. प्लायला तेच चालेल का?

सागवानी_कुडाळ

24 दाती लांब चिरायला. प्लायचा पापुद्रा निघू नये म्हणून 40 दाती घ्या, हजाराच्या आत मिळेल. मापाच्या रेषेवर कागदी टेप चिकटवून कापा, कड आणखी साफ येते. आणि पातं बदलताना प्लग काढून दोन पायांच्या मध्ये, स्वतःला दिसेल असा ठेवा.