मदत हवी आहे: लेबलवर इंग्रजीत 'बेस्ट बिफोर' लिहायचं की 'यूज बाय'?

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाच्या भाजणीच्या चकल्या आणि ओल्या नारळाच्या वड्या आता बंद पाकिटात दुकानात ठेवायच्या आहेत. छापखान्यातून लेबलचा नमुना आला, त्यावर फक्त 'बेस्ट बिफोर ६० डेज फ्रॉम पॅकिंग' आहे. पॅकिंगची तारीख टाकायला जागाच नाही! मग गिऱ्हाइकाने साठ दिवस मोजायचे कुठून?

माझ्या समजुतीप्रमाणे 'बेस्ट बिफोर' चव आणि कुरकुरीतपणापुरतं असतं. साठ दिवसांनी चकली मऊ पडेल, तेलाचा खवट वास येईल, पण लगेच कुणी आजारी पडणार नाही. 'यूज बाय' म्हणजे त्यानंतर खायचंच नाही. वड्यांचं तसंच आहे, ओला नारळ फार दम धरत नाही. इंग्लंडमध्ये हा फरक काटेकोर पाळतात. मग चकलीवर एक आणि वडीवर दुसरं, असं लिहिलं तर चालेल का? लहान मुलं खातात हो, म्हणून घाईने छापायचं नाहीये.

प्रतिसाद:
ताई, अर्थ तुम्ही बरोबर लावलाय, पण आपल्याकडे पदार्थ बघून एक निवडायची मुभा नाही. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेची केंद्रीय सरकारी संस्था) २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार बंद पाकिटावर उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' तारीख, दोन्ही हव्यातच. 'बेस्ट बिफोर' हवं तर जोडीला लिहा, नुसतं नको. मिठाईच्या दुकानात ट्रेपुढे 'बेस्ट बिफोर'ची पाटी दिसते ना, तो सुट्या मिठाईचा वेगळा नियम, ऑक्टोबर २०२० पासूनचा. बऱ्याच जणांचा घोळ तिथेच होतो.

तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या मालावर दिवस, महिना, वर्ष असं पूर्ण लिहायचं: 'यूज बाय १४/०१/२६'. त्यापुढे टिकणाऱ्याला महिना आणि वर्ष पुरतं.

धागाकर्ती:
खूप आभार! म्हणजे नमुना परत पाठवते. तारीख दर घाण्याची वेगळी, म्हणून ती रबरी शिक्क्याने मारायचा विचार आहे. चालेल?

प्रतिसाद:
चालेल, पण शाई न पुसणारी घ्या. तेलकट बोट लागलं की साधी शाई पसरते आणि १ चा ७ दिसतो. आणि ते साठ दिवस छापखान्याचे की तुमचे? एकाच घाण्याची चार-पाच पाकिटं बाजूला ठेवून दर आठवड्याला एक फोडून बघा, वड्यांची तर रोज. छपाई त्यानंतरच करा.