वाडे जपा म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा आमच्या कडीपाटाखाली काढावा

शनिवार_मागची_गल्ली

एका सदस्याने पुण्याच्या पेठांमधून सकाळी फिरून आल्यावर इथे लिहिलेला लेख वाचला. फोटो सुंदर आहेत, वाद नाही. पण लेखाचं म्हणणं असं, की पेठेतल्या लोकांनी पैशाच्या मोहापायी वाडे बिल्डरच्या घशात घातले, आणि शनिवारवाड्याभोवती शंभर मीटरच्या बांधकामबंदीचा नियम आहे म्हणून बरं, नाहीतर तिथे एकही वाडा उरला नसता. हे वाचल्यावर गप्प बसवेना.

मी त्या शंभर मीटरच्या आत राहते. भाडेकरू. आजेसासऱ्यांनी घेतलेल्या दोन खोल्या, माडीवर. ज्या फोटोखाली 'काळाच्या खुणा' असं लिहिलंय ती आमच्या वाड्याची भिंत आहे. त्या काळाच्या खुणा नाहीत. शेजारचा वाडा धोकादायक म्हणून उतरवला, तेव्हा मधली सामाईक भिंत उघडी पडली. वाड्यांच्या भिंती एकमेकींना धरून उभ्या असतात. एक काढली की दुसरीच्या पोटातली पांढरी माती थेट पावसात. पहिल्या सरीला ती भिंत फुगते, ओल वर चढत कडीपाटापर्यंत, म्हणजे लाकडी कड्या आणि पाटांच्या छतापर्यंत, जाते आणि मग रात्री पाटांच्या फटीतून माती खाली पडते. गादीवर, ताटात, सासूबाईंच्या औषधांच्या डब्यात. संडास खाली चौकात, सामाईक. सासूबाईंचं वय 81. रात्री दोन वाजता त्यांना धरून त्या अंधाऱ्या जिन्याने खाली न्यायचं, परत वर आणायचं. हे फोटोत येत नाही.

आता नियम. स्मारकांचा कायदा 1958 चा. संरक्षित हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित, हे 1992 च्या अधिसूचनेत होतं, 2010 च्या दुरुस्तीने ते कायद्यातच घातलं. प्रतिबंधित पट्ट्यात परवानगी काढून दुरुस्ती करता येते, नवं बांधकाम नाही. म्हणजे आमचा वाडा पडला की जागा मोकळी. शेजारच्या मोकळ्या जागेवर आज पत्रे ठोकून गाड्या लावतात, ताशी दराने. हा नियम शनिवारवाड्यासाठी आहे, आमच्या वाड्यासाठी नाही. आमचा वाडा उद्या कोसळला तरी नियमाचं काहीच बिघडत नाही. मग त्याने वाडे वाचवले हे कुठल्या हिशेबाने?

दिंडीदरवाजा

तो लेख माझाच. आपल्या घरची परिस्थिती वाचून वाईट वाटले, पण त्यामुळे माझा मुद्दा खोटा ठरत नाही.

नियम उठवला तर काय होते ते पाहायला लांब जायला नको. सदाशिव आणि नारायण पेठेत हा पट्टा नाही. तिथे वाड्यांच्या जागी काय आले? खाली पार्किंग, वर मजल्यावर मजले, समोरासमोरच्या खिडक्यांतून हात पोचेल इतके अंतर. दहा बिऱ्हाडांचा चौक गेला आणि तिथे लिफ्ट आली. शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला, आज तट, दरवाजे आणि जोती एवढेच उरले आहे. त्याच्या भोवती अकरा मजली इमारती उभ्या राहिल्या तर त्याच्या मुख्य दिल्ली दरवाजासमोर उभे राहून माणसाला काय दिसणार?

दुरुस्तीला परवानगी आहे हे आपणच लिहिले आहे. मग करा ना दुरुस्ती. पेशव्यांचा विश्रामबागवाडा दुरुस्त होऊन आज उभा आहेच. सागवान दोनशे वर्षे टिकते. इच्छा नाही, हे खरे कारण.

शनिवार_मागची_गल्ली

विश्रामबागवाडा महापालिकेच्या ताब्यातला आहे आणि तिथे रात्री कोणी झोपत नाही. आमच्या तुळईला टेकू लावायचा तर लोखंडी चॅनेलचे पैसे कोणी द्यायचे, यावर मालक आणि सात भाडेकरू यांच्यात दोन वर्षं बोलणी चालली आहेत. ही इच्छेची गोष्ट नाही.

लक्ष्मीरस्ता_रोज

मूळ विषय सोडून बोलतोय, पण बोलणार. एका वाड्यात दहा बिऱ्हाडं, सायकली आणि फार तर चार स्कूटर. त्याच जागी चोवीस फ्लॅट आले की तीस गाड्या येतात. गल्ली तेवढीच. आमच्या बोळात रात्री अकरानंतर अँब्युलन्स शिरत नाही. माझ्या भावाला खुर्चीत बसवून चौकापर्यंत उचलून न्यावं लागलं होतं. पी-1, पी-2 च्या (सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या) पाट्या सगळ्यांना पाठ आहेत, पाळत कोणी नाही. 2018 साली पैसे घेऊन पार्किंगचं धोरण मंजूर झालं, पाच रस्त्यांवर सुरू करायचं ठरलं, तेही बारगळलं. वर्षातून एकदा 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांना मोकळा करतात, तेव्हा तोच रस्ता किती रुंद आहे ते कळतं. मेट्रोचं कसबा पेठ आणि मंडई स्टेशन सप्टेंबर 2024 पासून चालू आहे, तरी लोकांना गाडी दुकानाच्या पायरीलाच हवी. वाडे पाडा नाहीतर ठेवा, आधी गाड्यांचं ठरवा.

चौथी_पिढी

भाडेकरूंचं ऐकलं. आता मालकाचंही ऐका, कारण मालकाचं कधीच कोणी लिहीत नाही.

आमचा वाडा कसबा पेठेत. अकरा भाडेकरू. सगळ्यात मोठ्या जागेचं भाडं महिना 38 रुपये. चुकून लिहिलेलं नाही, अडतीस. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 चं भाडं धरून प्रमाण भाडं ठरवलं आणि ते गोठलं. पन्नास वर्षांनी 1999 चा नवा कायदा आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के वाढ दिली. अडतीसचे चार टक्के म्हणजे दीड रुपया! अकराही जणांचं वर्षाचं भाडं गोळा केलं तरी एका बाजूची कौलं शाकारून होत नाहीत. वर मिळकतकर आहे, कोर्टाच्या तारखा आहेत.

आणि हे अकरा कोण? सहा जणांचे कोथरूड, सिंहगड रस्ता, धायरीला स्वतःचे फ्लॅट आहेत. वाड्यातल्या खोलीला कुलूप. गणपतीत येऊन कुलूप उघडतात, धूळ झटकतात, 'हक्क सोडणार नाही' सांगून जातात. माझे वडील याच वाड्यात, याच कडीपाटाखाली गेले. त्यांनी स्वतःसाठी नवीन घर घेतलं नाही, कारण मिळेल ते सगळं या वाड्याच्या कज्ज्यात गेलं. पैशाच्या मोहाने वाडे विकले म्हणता? आम्ही विकूही शकलो नाही.

शनिवार_मागची_गल्ली

कुलूपवाल्यांचं तुम्ही कुलूपवाल्यांना सांगा. आम्ही इथे राहतो, आमच्याकडे दुसरं घर नाही.

आणि भाडं कमी आहे हे अर्धंच सांगितलंत. आजेसासऱ्यांनी या खोल्या घेतल्या तेव्हा पागडी, म्हणजे भाड्याशिवायची एकरकमी रोख रक्कम, मोजली होती. त्या काळात त्या रकमेत गावाबाहेर जमीन आली असती. त्याची पावती नाही, कारण पागडीची पावती कोणी देत नसे. आमचे मालक गेली कित्येक वर्षं भाडंच घेत नाहीत. मनीऑर्डर केली की परत. घेतलं तर पावती द्यावी लागते, पावती दिली तर आमचा हक्क कागदावर येतो. दुरुस्तीला नाही म्हणायचं, भाडं नाकारायचं आणि वाडा आपोआप खाली बसायची वाट बघायची, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

चौथी_पिढी

सगळे मालक तसे नसतात. आणि पागडीचा उल्लेख करताना तोंड सांभाळून. माझ्या आजोबांनी एक पैसा पागडी घेतली नव्हती, तरी ते अकरा जण आज मालकासारखे बसले आहेत.

शनिवार_मागची_गल्ली

तुमच्या आजोबांबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. पण 'बसले आहेत' हा शब्द मागे घ्या. माझ्या सासूबाई त्या घरात सून म्हणून आल्या, तिथेच म्हाताऱ्या झाल्या. त्या बसलेल्या नाहीत, राहतात.

नारायणपेठी

दोघांनीही जरा थांबा. मी वयाने मोठा आहे म्हणून सांगतो. 12 जुलै 1961, पानशेत धरण फुटले तो दिवस. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आम्ही तळमजल्यावर, भाडेकरू. पाणी दिंडीतून आत शिरले तेव्हा मालकांनी स्वतः खाली येऊन आजीला उचलून माडीवर नेले. चौकातले तुळशीवृंदावन पाण्याखाली गेलेले मी वरच्या कठड्यावरून पाहिले. पुढे महिनाभर आमची चूल मालकांच्या स्वयंपाकघरात होती. गाळ उपसायला मालकांचे मुलगे आणि आम्ही एकाच घमेल्याला हात लावत होतो. त्या वर्षीचे भाडे मालकांनी मागितले नाही, वडिलांनी पुढच्या वर्षी आपणहून नेऊन दिले. तेव्हाही भाडे गोठवणारा कायदा होताच. भांडण कायद्याने लावलेले नाही, जागेचे भाव चढले तेव्हापासून सुरू झाले.

चौथी_पिढी

काका, तुमचा मान ठेवून सांगतो. तेव्हा अडतीस रुपयांत गवंडी येत होता. आज येत नाही. प्रेम तेच राहिलं तरी गवंड्याचा पगार कोण देणार?

स्थापत्य72

पेठांतल्या बऱ्याच वाड्यांची तपासणी केली आहे, म्हणून दोन गोष्टी.

'सागवान दोनशे वर्षे टिकते' हे खरं, पण उघड्या हवेत असलेलं. कडी सडते ती भिंतीत गेलेल्या तोंडाशी. मधल्या भागावर ठोकलं तर टणटणीत आवाज येतो, म्हणून लोक निश्चिंत राहतात. भिंतीत ओल मुरली की आतलं वीतभर टोक भुसा झालेलं असतं आणि कडी नुसत्या गिलाव्यावर टेकलेली असते. खांबाचंही तेच, खालच्या दगडी तळखड्याला टेकतो तिथून वाळवी वर चढते. याला उपाय आहे. टोक कापून नवा जोड देता येतो, भिंतीला चुन्याची दर्जबंदी करता येते, म्हणजे सांधे चुन्याने भरता येतात. पण ते चुन्यात काम केलेल्या माणसाने करायचं काम आहे. सिमेंटचा गिलावा थापला की ओल आत कोंडते आणि माती लवकर सुटते. बहुतेक वाड्यांत दुरुस्ती म्हणून नेमकं हेच केलेलं दिसतं. तेव्हा दिंडीदरवाजा यांचं 'करा ना दुरुस्ती' तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, फक्त पैसे आणि माणसं आकाशातून पडली पाहिजेत.

दुसरं, नोटिशीबद्दल. पावसाळ्याआधी महापालिका कायद्याच्या कलम 264 खाली नोटीस येते, सी-1 म्हणजे अतिधोकादायक. भाडेकरू घाबरून ती दडवतात, कारण घर सोडलं की हक्क गेला असं त्यांना वाटतं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. खोली सोडायची वेळ आलीच तर आधी जागेची मोजणी करून सगळ्यांच्या सह्यांनिशी कागद करा, फोटो काढा, वीजबिलं जपून ठेवा. हक्कासाठी पडक्या घरात झोपू नका. हे मी कळकळीने सांगतोय, मी ढिगाऱ्यापाशी उभा राहिलेला माणूस आहे.

शनिवार_मागची_गल्ली

हक्क संपत नाही, मान्य. पण शंभर मीटरच्या आत तो हक्क बजावायचा कुठे? बांधायलाच परवानगी नाही. पत्र्याच्या पार्किंगमध्ये?

दिंडीदरवाजा

हा प्रश्न मात्र रास्त आहे. माझ्या लेखात तो आला नव्हता, तेवढे मान्य करतो. याहून जास्त मान्य करणार नाही.

माझे म्हणणे असे: पट्ट्यात बांधायला द्यावे, पण पूर्वीच्याच जोत्यावर, पूर्वीच्याच उंचीला. तळमजला अधिक दोन मजले, मध्ये चौक, रस्त्याकडचा दर्शनी भाग जुन्या धाटणीचा. संडास, न्हाणीघर प्रत्येकाच्या घरात. स्मारकही दिसेल आणि माणसेही राहतील. 2023 च्या पोटनिवडणुकीत कसब्यात वाड्यांवर भाषणे झाली, त्यात एवढी साधी मागणी नेमकेपणाने कोणी मांडल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

चौथी_पिढी

साधी मागणी? जरा गणित करा. अकरा भाडेकरूंना त्यांच्या जागा फुकट बांधून द्यायच्या, मला माझी द्यायची. विकायला एक फ्लॅटही उरत नाही. कोणता बिल्डर येणार? जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, द्याल तर तुमचा टॉवर होतो, नाही द्याल तर काहीच होत नाही. गेली पंधरा वर्षं सगळे इथेच अडकले आहेत.

लक्ष्मीरस्ता_रोज

तळमजल्यावर पार्किंग नसेल तर माझा पाठिंबा.

स्थापत्य72

टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. वारसा यादीतल्या वास्तूंना तो देता येतो, मग प्रतिबंधित पट्ट्यातल्या वाड्यांनाही का देऊ नये? मालकाला इथे जे बांधता येत नाही त्याचा हक्क उपनगरात विकता येईल, त्या पैशातून इथलं बुटकं बांधकाम किंवा दुरुस्ती होईल. शनिवारवाडा सगळ्या देशाचा आहे, मग त्याची किंमत पट्ट्यातल्या बिऱ्हाडांनीच का मोजायची?

शनिवार_मागची_गल्ली

हे पटलं. पण टीडीआरचा पैसा थेट मालकाच्या खात्यात नको. आधी काम पूर्ण, प्रत्येक भाडेकरूच्या जागेचा करार नोंदणीकृत, मग उरलेला पैसा मालकाचा.

चौथी_पिढी

चालेल. मग नव्या घरात अडतीस रुपये चालणार नाहीत. बाजारभावाच्या निम्मं तरी भाडं द्या. आणि ज्यांचं कुलूप आहे त्यांचा हक्क रद्द.

शनिवार_मागची_गल्ली

कुलूपवाल्यांचा रद्द करा, माझी हरकत नाही. निम्मं मात्र परवडणार नाही. आमच्या गल्लीत निम्मे लोक पेन्शनवर आहेत, बाकीचे दुकानांत नोकरीला. एक चतुर्थांशावर बोला.

चौथी_पिढी

एक तृतीयांश. आणि पहिल्या महिन्यापासून पावती घ्यायची.

शनिवार_मागची_गल्ली

पावती तर आम्ही किती वर्षं मागतोय.