मदत हवी आहे: नोहाचं तारू आणि डायनासोर

मंडळी, बायबलमध्ये नोहाने जलप्रलयातून प्राणी वाचवायला जे तारू (मोठं जहाज) बांधलं, त्याची प्रतिकृती म्हणून अमेरिकेत केंटकीत २०१६ ला जे ५१० फूट लांब तारू उभं केलंय ना, त्यात पिंजऱ्यात डायनासोरपण ठेवलेत, आणि ते उभारणाऱ्यांचं म्हणणं असं की नोहाने पिल्लं घेतली म्हणून जागा पुरली. बरं, मानलं. पण सगळे एकाच जलप्रलयात गाडले गेले तर डायनासोर सापडतात त्या खडकाच्या थरात माणसाचं नाहीतर गायीचं एकतरी हाड का नाही सापडत? भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड तर स्वतः पाद्री, १८२४ ला मेगॅलोसॉरस या डायनासोरचं वर्णन त्यानेच केलं, आधी प्रलयाचे पुरावे मांडायचा आणि १८३६ ला तो मुद्दा त्यानेच सोडून दिला! आमच्या संडे स्कूलची मोठी पोरं हेच विचारतात. भूशास्त्र मान्य करून बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचे ६ ते ९ अध्याय (नोहाची गोष्ट) कसे शिकवायचे, कोणी सांगेल का? भांडण नको प्लीज.